मोटारगाडीवरील प्लास्टिक पट्ट्यांचे रंगकाम

मोटारगाडीच्या बाहेरील अंगावर बसवलेल्या प्लास्टिकच्या पट्ट्या, कडा व आवरणे सुटी करणे, त्यांचा पृष्ठभाग तयार करून त्यावर रंगाचा टिकाऊ थर चढवणे आणि ती पुन्हा जागेवर बसवणे या कामास प्लास्टिक पट्ट्यांचे रंगकाम म्हणतात. गॅरेजच्या बोलीत या भागांना सरसकट ‘ट्रिम’ हे नाव आहे. बंपरची खालची काळी कड, चाकांच्या कमानींवरील आवरण, दरवाज्यांवरील आडव्या पट्ट्या, समोरच्या काचेच्या पायथ्याशी असलेली जाळीदार पट्टी, बाजूच्या आरशांची टोपणे आणि पुढची जाळी हे सर्व भाग ट्रिममध्ये मोडतात.

वरवर पाहता हे काम पत्र्याच्या रंगकामासारखेच वाटते. प्रत्यक्षात त्याचे शास्त्र वेगळे आहे. नीट घासलेल्या व अस्तर दिलेल्या पत्र्यावर रंग सहज धरतो. ट्रिमचे बहुतेक भाग मात्र अशा प्लास्टिकचे असतात, की ज्यावर रंग स्वभावतःच धरत नाही. त्यामुळे महागडा रंग वापरूनही वर्षभरात त्याची सालपटे निघतात आणि साध्या डब्यातील रंग योग्य तयारीनंतर वर्षानुवर्षे टिकतो, असा अनुभव येतो. या कामातील यशापयश रंग मारण्याच्या आधीच बहुतांशी ठरलेले असते.

इतिहास

मोटारींचे बंपर दीर्घकाळ पोलादाचे आणि क्रोमचा मुलामा दिलेले असत. भारतात हिंदुस्तान अँबॅसडर आणि मुंबईतील कुर्ल्याच्या कारखान्यात तयार होणारी, पुढे काळीपिवळी टॅक्सी म्हणून ओळखली गेलेली प्रीमिअर पद्मिनी या गाड्यांचे बंपर असेच होते. अमेरिकेत १९६८च्या पाँटिअॅक जीटीओ या गाडीला गाडीच्याच रंगाचा, धक्का सोसून पूर्ववत होणारा पुढचा बंपर देण्यात आला. फ्रान्समध्ये १९७२मध्ये आलेल्या रेनो ५ या छोट्या गाडीने प्लास्टिकचे बंपर सर्वसामान्य ग्राहकापर्यंत नेले. पुढील दशकात न रंगवलेले काळे बंपर सर्रास दिसू लागले आणि त्यानंतर गाडीच्याच रंगात रंगवलेल्या बंपरांची रीत पडली.

न रंगवलेले प्लास्टिक पूर्णपणे नाहीसे मात्र झाले नाही. उंच बांध्याच्या गाड्यांना रांगडे रूप देण्यासाठी चाकांच्या कमानींभोवती व दरवाज्यांच्या खाली काळी आवरणे लावली जातात. ग्राहकांना ती नेहमीच रुचतात असे नाही. पाँटिअॅक अॅझटेक या अमेरिकी गाडीवरील करड्या आवरणांवर इतकी टीका झाली, की २००२च्या आवृत्तीपासून कंपनीने ती गाडीच्या रंगात रंगवून देण्यास सुरुवात केली. मालकांनी आपापल्या गाडीची ट्रिम रंगवण्यामागेही बहुधा हीच दोन कारणे असतात: एक तर ते रूप आवडत नाही, किंवा काळ्या प्लास्टिकचे ऊन खाऊन करडे झालेले रूप डोळ्यांना खुपते.

प्लास्टिकचे स्वरूप

बंपर व आवरणांसाठी मुख्यतः पॉलिप्रोपिलीन वापरले जाते. १९५४मध्ये इटलीतील जुलिओ नाट्टा यांनी या बहुवारिकाचे सुबद्ध रचनेचे रूप तयार केले. या क्षेत्रातील कार्याबद्दल त्यांना आणि जर्मनीच्या कार्ल त्सीग्लर यांना १९६३चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. नुसते पॉलिप्रोपिलीन थंडीत ठिसूळ होते, म्हणून गाडीच्या भागांसाठी त्यात ईपीडीएम नावाचे रबर आणि ताठपणासाठी शंखजिऱ्याची पूड मिसळतात. आरशांची टोपणे, पुढची जाळी आणि क्रोमचा मुलामा दिलेल्या पट्ट्या मात्र बहुधा एबीएस या प्लास्टिकच्या असतात.

भाग कोणत्या प्लास्टिकचा आहे हे त्याच्या आतल्या बाजूला कोनी कंसांत कोरलेले असते. तेथे ‘पीपी’, ‘पीपी अधिक ईपीडीएम’ किंवा ‘एबीएस’ या अर्थाची रोमन अक्षरे दिसतात. ‘टी’ या अक्षरापुढील अंक शंखजिऱ्याचे शेकडा प्रमाण सांगतो. खूण सापडली नाही तर अनेकजण प्लास्टिकचा कपटा पाण्यात टाकून पाहतात. शुद्ध पॉलिप्रोपिलीनची घनता सुमारे ०.९ असल्याने ते तरंगते, एबीएस बुडते. परंतु शंखजिऱ्याचे प्रमाण २० टक्क्यांच्या आसपास असेल तर पॉलिप्रोपिलीनही बुडू शकते, त्यामुळे बुडालेला कपटा काहीच सिद्ध करत नाही. शंका असल्यास भाग पॉलिप्रोपिलीनचाच आहे असे समजून चालणे सुरक्षित ठरते.

रंग न धरण्याचे कारण पृष्ठऊर्जेत आहे. एखादा द्रव एखाद्या पृष्ठभागावर पसरून त्याला चिकटायचा असेल, तर त्या पृष्ठभागाची ऊर्जा द्रवाच्या पृष्ठताणापेक्षा अधिक असावी लागते. पॉलिप्रोपिलीनची पृष्ठऊर्जा दर मीटरला सुमारे ३० मिलिन्यूटन इतकी अल्प असते. अळूच्या पानावर पाणी जसे थेंबाथेंबाने गोळा होते, तशीच रंगाची अवस्था या प्लास्टिकवर होते. शिवाय पॉलिप्रोपिलीनचे रेणू अध्रुवीय असल्याने रंगातील राळेला धरून ठेवण्यासारखे त्यांच्यात काही नसते. एबीएसची गोष्ट निराळी आहे. ते रंगाला बरेच अनुकूल असते.

करडेपणा आणि त्यावरील उपाय

काळ्या ट्रिमला काळा रंग देण्यासाठी काजळी, म्हणजे कार्बन ब्लॅक, मिसळलेली असते. ती अतिनील किरण शोषून प्लास्टिकचे रक्षणही करते. तरीही वर्षानुवर्षांच्या उन्हाने पृष्ठभागावरील बहुवारिकाच्या साखळ्या तुटतात, सूक्ष्म भेगा पडतात आणि प्रकाश त्या भेगांतून विखुरला जाऊन भाग करडा दिसू लागतो. काजळी उडून गेलेली नसते. कोरडी पाटी करडी दिसते आणि ओले फडके फिरवताच काळीभोर होते, त्यातलाच हा प्रकार आहे. तेल किंवा सिलिकॉनयुक्त चकाकी लावल्यावर ट्रिम लगेच नवी दिसते व काही आठवड्यांत, पावसाळ्यात तर त्याहूनही लवकर, पुन्हा करडी होते, याचेही कारण हेच.

हीट गनने प्लास्टिक तापवून काळेपणा परत आणण्याची युक्ती प्रचलित आहे. तिने वरचा थर किंचित वितळून भेगा बुजतात, परंतु चकाकीचे डाग पडण्याचा आणि भाग वाकण्याचा धोका असतो, आणि तो थर पुन्हा उन्हात उघडा पडतो तो पडतोच.

केवळ फिकट झालेल्या, पण धड असलेल्या खरबरीत ट्रिमवर रंग चढवणे हा पहिला उपाय मानू नये. न रंगवलेल्या काळ्या प्लास्टिकवर खडा उडाला तर खाली काळेच दिसते; रंगवलेल्या भागावर मात्र प्रत्येक टिचकी उठून दिसते. एकदा रंग दिला की तो राखण्याचे काम कायमचे मागे लागते.

भाग सुटे करणे

पट्टी गाडीवर तशीच ठेवून, भोवती मास्किंग टेप लावून रंगवता येते. पण मग रंगाचा थर कडेपाशी संपतो आणि सालपट नेमके कडेपासूनच सुटते. भाग सुटा केला तर रंग कडेवरून आतल्या बाजूला वळवता येतो. भाग काढण्याचे मुख्य कारण हे आहे. टेप चिकटवण्याचा त्रास वाचणे हा वरचा लाभ.

काढण्यापूर्वी गाडी धुणे आवश्यक असते, कारण पट्टीमागची वाळू ओरखडे पाडते. नंतर भाग कशाने धरला आहे हे पाहावे. कमानीच्या आवरणाचे स्क्रू बहुधा चाकाच्या पोकळीत आतून असतात व सुकाणू चाक एका बाजूस पूर्ण वळवले की दिसतात. बंपरचे स्क्रू खालच्या कडेला आणि कमानीशी जुळणाऱ्या टोकाला असतात. एकही स्क्रू राहिला आणि ओढाओढ केली तर प्लास्टिकचा कान तुटतो, आणि तो पुन्हा जोडणे रंगकामापेक्षा अवघड असते.

क्लिपांचे प्रकार अनेक आहेत. काहींच्या मध्यभागी खिळा असतो. तो उचलल्यावर क्लिप सैल होते. दिसायला जवळपास तशाच असलेल्या दुसऱ्या प्रकारात तोच खिळा किंचित आत दाबावा लागतो. खाचा असलेल्या, देवदाराच्या झाडाच्या आकाराच्या क्लिपा पत्र्याच्या भोकात रुतलेल्या असतात आणि सरळ ओढल्यावर निघतात. तिसऱ्या प्रकारात पट्टी रुळासारख्या खोबणीत सरकवलेली असते. ती आधी लांबीच्या दिशेने सरकवावी लागते. उपसण्याचा प्रयत्न केला तर हमखास मोडते. त्या त्या गाडीची दुरुस्तीपुस्तिका पाहिल्याशिवाय जोर लावू नये हे बरे.

उचकटण्यासाठी पोलादी स्क्रू ड्रायव्हरऐवजी प्लास्टिकची पाचर वापरतात, आणि शेजारच्या रंगीत पत्र्यावर मास्किंग टेपचे दोन थर लावतात. पाचर दोन क्लिपांच्या मधोमध न घालता क्लिपच्या अगदी जवळ घालावी, म्हणजे पट्टी वाकत नाही. जुन्या क्लिपा उष्णतेने ठिसूळ झालेल्या असतात, त्यामुळे काही तुटणारच असे धरून त्याच मापाच्या नव्या क्लिपा आधीच आणून ठेवण्याची पद्धत आहे.

दरवाज्यांवरील पट्ट्या बहुधा फोमच्या दुहेरी चिकटपट्टीने लावलेल्या असतात. हेअर ड्रायरने हाताला सोसवेल इतकी ऊब दिली की चिकटपट्टी मऊ पडते. मग मासेमारीचा नायलॉनचा दोरा पट्टीमागे घालून करवतीसारखा पुढेमागे ओढतात. पत्र्यावर उरलेला चिकटा अंगठ्याने चोळून किंवा रबरी चाकाने काढावा. थिनरने पत्र्याचा रंग बिघडतो आणि पेट्रोल वापरणे म्हणजे आगीला आमंत्रण.

आवरण निघाल्यावर आत साचलेला चिखल आणि क्लिपांच्या भोकांभोवतीचा गंज प्रथमच दृष्टीस पडतो. खाऱ्या हवेत वावरणाऱ्या कोकणातील गाड्यांत तो अधिक आढळतो. गंज घासून, अस्तर व रंगाचा हात देऊन मगच पुढे जावे; आवरण पुन्हा बसले की तो भाग पुढील अनेक वर्षे कोणी पाहणार नसतो.

पृष्ठभागाची तयारी

स्वच्छता आणि घासणे यांचा क्रम येथे निर्णायक आहे. आधी घासले तर पृष्ठभागावरील मेण व सिलिकॉन ओरखड्यांत खोल भरले जाते आणि मग निघत नाही. म्हणून प्रथम भांडी घासण्याच्या साबणाने व ब्रशने धुतात. खरबरीत पृष्ठभागाच्या खळग्यांत पाणी तासन्‌तास राहते, म्हणून भाग पूर्ण वाळू द्यावा लागतो. त्यानंतर मेण व ग्रीस काढणारे द्रावण दोन फडक्यांनी वापरतात: एकाने ओले पुसायचे आणि द्रावण उडून जाण्यापूर्वी दुसऱ्या कोरड्या फडक्याने टिपून घ्यायचे. एकाच फडक्याने पुसल्यास मळ निघत नाही, नुसता सरकतो. नवा कोरा भागही यातून सुटत नाही, कारण साच्यातून सहज निघावा म्हणून लावलेल्या द्रव्याचा अंश त्यावर असू शकतो.

पत्र्यावर पाणी ओतून ते सलग पसरते की थेंबांत तुटते यावरून स्वच्छता तपासली जाते. उघड्या पॉलिप्रोपिलीनवर ही कसोटी फसवी आहे. ते निर्मळ असले तरी पाणी थेंबांतच तुटते.

स्वच्छतेनंतर करड्या रंगाच्या घासणीने किंवा ४०० ते ६०० क्रमांकाच्या काचकागदाने, ज्याला गॅरेजमध्ये पॉलिश पेपर म्हणतात, पृष्ठभागाची चकाकी मोडतात. जाड काचकागदाने पॉलिप्रोपिलीनवर लव उठते आणि ती रंगाखाली उठून दिसते. खोल ओरखड्यांवर पत्र्यासाठीची नेहमीची लांबी भरू नये. भाग वाकला की ती तडकते. प्लास्टिकसाठीची लवचीक लांबी मिळते, आणि तिच्याखालीही आसंजक अस्तर लागते. घासून झाल्यावर पुन्हा द्रावणाने पुसतात. कोरड्या फडक्याने घासल्यास प्लास्टिकवर स्थिर विद्युतभार निर्माण होऊन ते धूळ ओढून घेते, म्हणून शेवटचा हात ओलसर फडक्याचा असावा.

यानंतर येते ते आसंजक अस्तर. बाजारात ते प्लास्टिक प्राइमर किंवा पीपी प्राइमर या नावाने मिळते. त्यातील मुख्य घटक क्लोरिनयुक्त पॉलिओलेफिन हा असतो. त्याच्या रेणूचा मूळ सांगाडा पॉलिप्रोपिलीनशी सजातीय असल्याने, द्रावकाने किंचित फुगलेल्या पृष्ठभागात तो गुंततो. त्यावरील क्लोरिनचे ध्रुवीय भाग वरच्या रंगाला धरतात. एका हाताने प्लास्टिक आणि दुसऱ्या हाताने रंग धरणारा हा मध्यस्थ आहे. तो पातळ, जवळजवळ पारदर्शक असतो व दिसत नाही, म्हणून जाड थर देण्याचा मोह होतो. जाड थर स्वतःच आतून फाटतो. एक-दोन अगदी पातळ हात द्यावेत, त्यांवर काचकागद फिरवू नये आणि डब्यावर दिलेल्या मुदतीतच पुढचा थर द्यावा. कारखान्यांत हेच काम अनेकदा ज्योत किंवा प्लाझ्मा फिरवून करतात. त्यामुळे पृष्ठभागाचे ऑक्सिडीकरण होऊन त्याची पृष्ठऊर्जा वाढते. घरी ज्योत फिरवणे अर्थातच योग्य नव्हे.

भागावर कारखान्यातील जुना रंग पक्का असेल तर तो सोलू नये. त्यासारखा पाया दुसरा नाही. तो घासून घ्यावा आणि जेथे प्लास्टिक उघडे पडले असेल तेवढ्यावरच आसंजक अस्तर द्यावे.

आतल्या, न दिसणाऱ्या कोपऱ्यावर आधी नमुना रंगवून पाहणे शहाणपणाचे असते. पूर्ण वाळल्यावर धारदार पात्याने बारीक चौकटी कापून त्यांवर चिकटपट्टी दाबतात व झटक्याने ओढतात. चौकटी निघून आल्या तर संपूर्ण भाग वाया जाण्यापूर्वीच चूक कळते.

रंग देणे

खरबरीत भागावर सरफेसर देत नाहीत, कारण त्याने पृष्ठभागाची नक्षी बुजते. गुळगुळीत भागावर तो उपयोगी पडतो. काळा अर्धचकाकीचा ट्रिम रंग एकथरीच असतो. गाडीच्या रंगात रंगवायचे असल्यास रंगाच्या दोन-तीन हातांवर पारदर्शक लॅकरचे दोन हात देतात. डबा किंवा गन भागापासून २० ते २५ सेंमी अंतरावर धरून, फवारा भागाच्या बाहेर सुरू करून बाहेरच थांबवतात. दोन हातांमध्ये साधारण १० ते १५ मिनिटे जाऊ देतात. पहिल्याच हातात पूर्ण झाकण्याचा प्रयत्न केला की ओघळ आलेच.

धातूच्या चमकीच्या रंगांत एक बारकावा असतो. चमकीच्या पापुद्र्यांची ठेवण भाग कसा धरला होता यावर अवलंबून असते, म्हणून भाग गाडीवर जसा उभा वा आडवा बसतो तसाच टांगून रंगवतात. जमिनीवर आडवी ठेवून रंगवलेली दाराची पट्टी गाडीवर लावल्यावर निराळ्याच छटेची दिसू शकते, आणि दोष मात्र रंग जुळवणाऱ्याला मिळतो.

दमट हवेत द्रावक उडताना पृष्ठभाग थंड होतो, त्यावर बाष्प जमते आणि रंगावर दुधट झाक येते. पृष्ठभागाचे तापमान दवबिंदूपेक्षा किमान ३ अंश सेल्सिअस अधिक असावे, असा रंगकामातील सर्वसाधारण नियम आहे. ऐन पावसाळ्यात उघड्या पडवीत तो क्वचितच पाळला जातो. मंदगतीने उडणारे थिनर थोडी मदत करते. याउलट वैशाखातील दुपारच्या उन्हात रंग सपाट होण्याआधीच सुकतो व पृष्ठभाग संत्र्याच्या सालीसारखा दिसतो.

आरोग्य व सुरक्षितता

दोन घटकांच्या रंगांत आणि लॅकरमध्ये जो हार्डनर मिसळतात त्यात आयसोसायनेट असतात. ते दम्याचे ज्ञात व्यावसायिक कारण आहे. शरीर एकदा त्यांना संवेदनशील झाले की पुढे अगदी अल्प संपर्कानेही गंभीर झटका येऊ शकतो, आणि ही संवेदनशीलता सहसा जात नाही. नाकातोंडाला बांधलेला रुमाल किंवा धुळीचा साधा मुखवटा यापुढे निरुपयोगी आहे. आयसोसायनेटला चेतावणी देणारा वास नसल्याने कोळशाच्या गाळणीची क्षमता संपली हे वापरणाऱ्याला कळत नाही. म्हणून व्यावसायिक रंगकामात बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मुखवटा वापरतात. अनेक लहान गॅरेजांत रंगाऱ्याला ते साधन मिळत नाही, ही वस्तुस्थिती आहे. घरी काम करणाऱ्याने हार्डनर नसलेला एकघटकी डबाच वापरावा. तोही मोकळ्या हवेत, योग्य गाळणीचा मुखवटा लावून आणि ज्योतीपासून दूर.

नव्या गाड्यांत बंपरमागे अंतर मोजणारी रडार यंत्रे असतात. सुमारे ७७ गिगाहर्ट्झच्या त्यांच्या लहरी रंगाच्या जाड थराने, धातूच्या चमकीने किंवा लांबीने क्षीण होतात. त्यामुळे अनेक उत्पादक रडारसमोरील भाग दुरुस्त करण्यास किंवा त्यावर जादा थर देण्यास मनाई करतात. पार्किंगच्या ध्वनिसंवेदकांच्या तोंडावरही जाड रंग बसू देऊ नये. बंपर काढण्यापूर्वी दिव्यांच्या व संवेदकांच्या जोडण्या सोडवाव्या लागतात, हे ओघाने आलेच.

पुन्हा बसवणे

रंग हाताला कोरडा लागला म्हणजे तो पक्का झाला असे नव्हे. ट्रिम बसवताना तिच्यावर दाब येतो व बोटांचे ठसे उमटतात, म्हणून निदान एक-दोन दिवस थांबतात. फोमपट्टी जेथे लागणार असेल ती मागची बाजू रंगवू नये. पट्टी रंगाला धरते आणि रंग प्लास्टिकला सोडतो. जुना फोम काढून, जागा अल्कोहोलने पुसून, फोमपट्टीसाठीचा आसंजक लावून नवी पट्टी लावतात आणि संपूर्ण लांबीवर घट्ट दाबतात. नेहमीच्या तापमानाला तिची पकड पूर्ण होण्यास सुमारे ७२ तास लागतात. तोवर गाडी धुणे टाळावे.

नेहमीचे दोष

रंगात बारीक गोल खळगे पडले तर सिलिकॉन राहिले होते असे समजावे. त्यावर आणखी रंग मारल्यास तेच खळगे पुन्हा वर येतात. वाकवल्यावर पडणाऱ्या रेषांसारख्या भेगा ठिसूळ रंगाच्या किंवा अतिजाड थराच्या असतात. रंग मोठ्या पापुद्र्यांनी, खाली स्वच्छ प्लास्टिक ठेवून सुटत असेल तर आसंजक अस्तर नव्हते किंवा धरले नव्हते. अशा भागावर सुटलेली जागा तेवढी बुजवून उपयोग नसतो, कारण न सुटलेला रंगही त्याच कच्च्या पायावर उभा असतो. तो सगळा काढून धुण्यापासून पुन्हा सुरुवात करावी लागते. काढण्यासाठी पत्र्याचे तीव्र रंगनाशक वापरू नये. त्याने प्लास्टिकच मऊ पडू शकते. बहुतेक वेळा अशा कच्च्या थराखाली प्लास्टिकची पाचर सारली तरी तो सहज निघतो.